विसरलेल्या माणसाला दिंडीत जागा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात मंद्रूप मुक्कामी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मांडवात बसलेले टाळकरी, विणेकरी, मृदंगवाले, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आमच्या आयाबहिणी, आणि मागं कनातीला धरून उभी राहिलेली पोरं, सगळ्यांना आमचा दंडवत. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनात चुकलं तर टाळकरी ध्रुपद धरून सांभाळून घेतात. भाषणात तसं कुणी सांभाळत नाही, म्हणून नातवाकडून कागदावर उतरवून आणलंय. तो शुद्ध लिहितो, आम्ही वाचताना आमचंच बोलतो. तेवढं गोड मानून घ्या.

दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिली वीणा कुणाच्या गळ्यात होती, बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर कधी आला, बहात्तरच्या दुष्काळात दिंडी कशी निघाली, हे आधीच्या मंडळींनी सांगितलं आणि या पुस्तकातही छापून येणार आहे. आम्ही ते परत दळत बसत नाही. आम्हाला एका यादीविषयी बोलायचंय.

या पुस्तकासाठी पंचवीस वाऱ्यांच्या पुढं चाललेल्या वारकऱ्यांची यादी करायचं ठरलं. ते काम आमच्याकडं आलं. आम्ही आणि दोन पोरं, एकाच्या हातात वही, एकाच्या हातात फोटो काढायचा मोबाईल, असं घरोघर फिरलो. गेलेल्यांचे फोटो भिंतीवर हारासकट मिळाले. ते काम सोपं झालं. अवघड झालं ते जित्या माणसांचं. चार घरं अशी लागली की माणूस हाय, पण समोर आणत नाहीत. "झोपल्यात." "बरं न्हाई." "परत कधीतरी या, महाराज." एका घरी आतल्या खोलीला बाहेरून कडी होती आणि आतून टाळ्या वाजत होत्या. टाळाच्या ठेक्यावर, बरं का. पावलीचा ठेका. आम्ही तो ठेका वळखला आणि माणूसही वळखला. तीस वर्षं आमच्या शेजारी टाळ धरून चाललेला माणूस. त्या घरची सून चहा ठेवून भिंतीला टेकून रडायला लागली. म्हणाली, "कडी घातली न्हाई तर रोडला जातेत मामंजी. रानात कामाला गेलं तर मागं बगनार कोन? लोकं म्हनतेत सासऱ्याला कोंडून घालती. तुमीच सांगा काय करू?"

घराचं नाव आम्ही सांगणार नाही. तुम्ही हुडकायचंही नाही. अशी घरं आपल्या गावात एक-दोन नाहीत.

ह्या आजाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. हा शब्द आपल्याला नवा नाही, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. पण तिथं तो रागातून येणाऱ्या भ्रमाविषयी आहे. इथं आम्ही बोलतोय ते मेंदूच्या आजाराविषयी. त्यांची गल्लत करू नका, कारण गल्लत झाली की लोक म्हणायला लागतात, "लई तापट होता, त्याचंच फळ." तसं काही नाही. शांत माणसाला होतो, तापट माणसाला होतो, माळकऱ्याला होतो आणि माळ नसलेल्यालाही होतो. गुडघ्याची वाटी झिजते तेव्हा आपण कुणाचं पाप काढत नाही. मेंदूचंच तेवढं का काढावं?

आपण म्हणतो साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ लागला, भ्रमिष्ट झाला. असं म्हणून टाकलं की पुढं काही करायचं राहत नाही, तिथंच घोटाळा होतो. म्हातारपणी थोडं विसरणं सगळ्यांचंच. विळा बांधावर विसरणं हे आमचंही रोजचं. पण विळा हातात धरून "ह्येनं काय करायचं असतंय?" असं विचारणं, जन्म काढलेल्या गल्लीत आपलं घर न सापडणं, जेवून हात धुतल्यावर "मला कुणी वाढलं न्हाई" म्हणून सगळ्या गल्लीत ओरडत फिरणं, हा आजार आहे. तो हळूहळू चढतो. आधी कालचं जातं, मग गेल्या सालचं. लग्नाच्या वेळचं, लहानपणचं सगळ्यांत शेवटी जातं. म्हणून ऐंशी वर्षांची म्हातारी दिवे लागले की बोचकं बांधून "मला माहेरी जायचंय" म्हणते. तिच्या लेखी ती खोटं बोलत नसते. संध्याकाळी हे जास्त होतं, सगळ्या घरांचा हाच अनुभव आहे आणि डॉक्टरही तेच सांगतात.

ह्याचा शोध लागून सव्वाशे वर्षं होत आली. जर्मनीत अलोइस अल्झायमर नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं १९०१ साली एक बाई आली, वय पन्नास-एक्कावन्न. तिला स्वतःचं नाव लिहिता येईना, नवऱ्यावर संशय घ्यायची. ती १९०६ साली वारली तेव्हा त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्यात काय बिघडलंय ते जगाला दाखवलं. त्यांच्या नावानं ह्या आजाराचा सगळ्यांत मोठा प्रकार ओळखला जातो. आपल्याकडं मात्र ती बाई असती तर तिला अजून कुठल्या तरी देवाला नेऊन बसवली असती, आणि आम्ही देवाधर्माची माणसं असून हे बोलतोय.

आता किती लोकांना आहे ते ऐका. देशभर मोठी तपासणी झाली, तिचा आकडा २०२३ साली छापून आला. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सातांहून थोडे जास्त. सगळ्या भारतात सुमारे ८८ लाख. शहरापेक्षा खेड्यात जास्त, बाप्यांपेक्षा बायांत जास्त. गावात साठीच्या पुढची हजार माणसं असली तर सत्तरच्या वर होतात. सत्तर माणसं म्हणजे एक दिंडी भरली की, माउली! आणि आम्हाला यादी करताना चार सापडली, तीही कडीच्या आड.

लपवतात का? लाज हे एक. दुसरं, घरात लग्नाची पोर असते. "त्यांच्यात येड हाय" असं एकदा पसरलं की सोयरीक जुळत नाही. आम्ही कीर्तनातून सांगतो आणि इथंही सांगतो, म्हातारपणी होणारा हा आजार बहुतेक घरांत वारशानं येत नाही, आणि हे वेड नव्हेच. तिसरं कारण जमीन. ते कुणी तोंडानं बोलत नाही, आम्ही बोलतो. म्हाताऱ्याला समजत नाही हे गावाला कळायच्या आत अंगठा घेऊन टाकायचा असतो. ज्याला आपण काय करतोय हेच उमगत नाही, त्याच्याकडून करून घेतलेला करार कायद्यात टिकत नाही. आणि आईबापाला सांभाळायच्या अटीवर जमीन लिहून घेऊन मग सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांतसाहेबांकडं करायचा असतो. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला त्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. एवढं सांगून हा विषय सोडतो, नाहीतर मांडवातून दोघं-तिघं उठून जातील.

दवाखान्याचं मात्र नीट ऐका, कारण ह्यात आपला माळकऱ्यांचा खास संबंध आहे. विसरायला लागलेला प्रत्येक माणूस ह्याच आजाराचा असतो असं नाही. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व कमी पडलं तरी माणूस विसरतो, हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो. ते मिळतं मांस-मच्छी-अंड्यातून आणि थोडं दूध-दह्यातून. आपण माळकरी. त्यात दूध डेअरीला घालतो आणि घरी काळा चहा पितो! मग बी-१२ यायचं कुठून? रक्त तपासून ते कळतं, आणि इंजेक्शन-गोळ्यांनी भरून काढता येतं. माळ तोडायची गरज नाही. थायरॉइड कमी पडला तरी विसर पडतो, तोही रक्तात कळतो. मन फार खचलेलं असलं, घरात कुणी गेलं, तरी माणूस विसरल्यागत वागतो. डोक्यावर पडल्यावर काही दिवसांनी आत रक्त साकळतं, त्यानंही होतं. ही सगळी कारणं उपाय होणारी आहेत. म्हणून पहिल्यांदा तपासणी. "वय झालं" असं डॉक्टर म्हणाले तर नम्रपणानं म्हणायचं, "साहेब, रक्त तरी बघा."

तपासून खरा स्मृतिभ्रंशच निघाला, तर तो मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. गोळ्या आहेत, त्यांनी काहींना काही दिवस आधार मिळतो. कुणी हजारो रुपये घेऊन तेल, भस्म, गंडा देऊन "महिन्यात स्मरण परत" म्हणाला, तर त्याला तुमचं स्मरण पक्कं आहे हे दाखवून द्या.

पण होऊ नये म्हणून करता येण्यासारखं पुष्कळ आहे. लॅन्सेट नावाचं डॉक्टर लोकांचं जुनं साप्ताहिक आहे. त्यांच्या समितीनं २०२४ साली सांगितलं की चौदा गोष्टी सांभाळल्या तर जवळजवळ निम्मे, म्हणजे शंभरातले पंचेचाळीस, रोखता किंवा पुढं ढकलता येतील. त्या चौदातल्या आपल्या कामाच्या सांगतो. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. तंबाखू सोडा, बिडी सोडा, आणि मिश्री लावणाऱ्या माउल्यांनो, त्यातही तंबाखूच असते. ऐकू कमी यायला लागलं तर मशीन लावा, मोतीबिंदू असला तर काढून घ्या. ऐकू येत नाही, दिसत नाही, मग माणूस कोपऱ्यात बसतो आणि मेंदूही कोपऱ्यात बसतो. मोटारसायकलवर टोपडं घाला. चालत राहा. माणसांत राहा. शेवटच्या दोन गोष्टींसाठी आपल्याला वेगळं काही काढायला नको, ते आपलं शंभर वर्षं चालूच आहे.

आणखी एक गोष्ट नातवानं वाचून दाखवली तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. हैदराबादला निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सोबत्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ साली छापून आला. दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा जडला होता. अक्षर न येणाऱ्यांतही हा फरक दिसला. आता आपलं मंद्रूप बघा. निम्मं गाव घरात कानडी बोलतं आणि देवळात येऊन मराठीत अभंग म्हणतं. चुलीपाशी एक, बाजारात दुसरी. पांढरपेशे आपल्याला हसतात, धड मराठी नाही धड कानडी नाही म्हणून. हसू द्या. हिकडं हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, देवळाच्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे, मराठीतला फार जुना लेख म्हणून लोक बघायला येतात. त्याच मुलखात कानडी शिलालेखही हाताशी सापडतात. दोन्ही भाषा हजार वर्षं शेजारी राहतात हिकडं. फक्त हे ध्यानात ठेवा, की आजार वाढला की माणूस नंतर शिकलेली भाषा आधी सोडतो. एका घरी मराठी मुलखातली सून म्हणत होती, "आत्याबाई मुद्दाम कानडीत बोलतेत, मला कळू ने म्हनून." मुद्दाम नाही गं बाई. तिच्याजवळ तेवढंच उरलंय. शेजारणीकडून पाणी, जेवण, बस, नीज, एवढे चार शब्द कानडी शिकून घे.

आता फेरीचं.

२१ सप्टेंबर हा जगभर ह्या आजाराचा दिवस पाळतात. १९९४ पासून. अमेरिकेत १९८९ पासून लोक ह्यासाठी चालतात आणि चालून पैसे गोळा करतात. आपल्या देशात ह्या रुग्णांसाठीची संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली, मुंबई-पुण्याकडंही सप्टेंबरात अशा फेऱ्या निघतात. हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही म्हटलं, चालून वर्गणी गोळा करायची अक्कल लोकांना आपल्याकडून घ्यावी लागेल की अमेरिकेकडून? शंभर वर्षं आपण चालतोय, आणि भाकरी, पीठ, चार आणे, आठ आणे ह्याच्यावरच दिंडी उभी हाय.

पण मंडळींत वाद झाला. एक ज्येष्ठ टाळकरी म्हणाले, "महाराज, वारी देवासाठी. रोगराईसाठी झोळी फिरवायची न्हाई." त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. वारीच्या नावावर नाही नाही ते खपवणारे सध्या पुष्कळ झालेत. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. वारीत ह्यासाठी एक पैसा मागायचा नाही, वारी वारीच राहील. फेरी वेगळ्या दिवशी, वेगळ्या वहीत. आणि मग गाडगेबाबांची आठवण काढली. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या त्या कीर्तन करून आणि लोकांच्या पैशावर. मुंबईला दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे रुग्ण राहतात. कीर्तनाचा पैसा आजारी माणसाच्या उशाला गेला तर देवाला वाईट वाटत नाही. ज्येष्ठ टाळकरी थोडा वेळ गप बसले, मग म्हणाले, "मग पताका मी धरतो." आणि धरली.

२०२५ साली एकवीस सप्टेंबरला रविवार आला आणि नेमकी सर्वपित्री अमावस्या. काहीजण म्हणाले, अमावस्येला नको. आम्ही म्हटलं, ह्याच्यासारखा दिवस नाही. घराघरांत मेलेल्या आजोबाला पान वाढून कावळ्याला हाका मारणार, आणि जिता आजोबा आतल्या खोलीत जेवणासाठी हाका मारतोय. त्याच्या हाकेला आज तरी कुणी ओ द्या.

सकाळी हरिपाठ करून निघालो. गावातल्या गल्ल्या, मग तेरामैलपर्यंत आणि परत. लाऊडस्पीकर नाही, फ्लेक्स नाही, कुणी किती दिले ते ओरडायचं नाही. दर चौकात थांबून टाळ बंद आणि पाच मिनिटं आमचं बोलणं, वर सांगितलं तेच. झोळीत नोटा आल्या, चिल्लर आली, गेल्या सालची ज्वारी आली. एका म्हातारीनं कनवटीचे दहा रुपये काढून दिले आणि म्हणाली, "मी इसरन तवा मला कोंडू नगा." त्यावर बोलायला आमच्यापाशी काही नव्हतं. टाळकऱ्यांनी टाळ वाजवायला सुरुवात केली म्हणून निभावलं. आणि कडीतला तो आमचा जोडीदार, त्याला त्याच्या मुलानं त्या दिवशी बाहेर आणलं. अंगात धुतलेली बंडी, गळ्यात टाळ. मुलाचं नाव त्याला सांगता येत नव्हतं. पण टाळ हातात दिल्याबरोबर पावली अशी धरली की जवान पोरं मागं पडली. अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हे डॉक्टरांनाही माहीत आहे, गाणं आणि हाताची सवय मेंदूत फार खोल असते, ती उशिरा जाते. तवा ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या त्या वाईट वेळेला, त्याच्याजवळ बसून हरिपाठ म्हणायचा. औषध म्हणून नव्हे, त्याची ती एक घटका बरी जाते म्हणून. तुमचीही जाते.

फेरी झाली आणि लगेच सीनेला पूर आला. तुम्ही सगळ्यांनी बघितला. सोलापूर-विजयपूर रस्ता वडकबाळला बंद, शेतं पाण्यात, माणसं शाळांत. मग वाद पुन्हा, फेरीचे पैसे पुरात द्या. ठरलं असं, की ज्वारी सगळी पुरात दिली आणि पैसे ज्यासाठी मागितले त्यासाठीच ठेवले. एकाच्या नावानं मागून दुसऱ्याला दिलं तर पुढच्या साली झोळीत कुणी टाकत नाही. ज्वारी घेऊन शाळेत गेलो तर तिथं काय दिसलं? एक आजी, सगळ्यांना विचारत होती, "माझं घर कुठं गेलं?" तिला पूर ध्यानात राहत नव्हता. मुलगा दर वेळी सांगायचा, "आई, घर पाण्यात गेलं," आणि तिला दर वेळी ते नवीनच कळायचं आणि ती दर वेळी नव्यानं छाती पिटायची. आमच्यातल्या एका माउलीनं मुलाला बाजूला घेतलं आणि आजीजवळ बसून विचारलं, "तुमचं घर कसं वो हाय? दारात काय हाय?" आजी म्हणाली लिंब हाय. मग लिंबाचं बोलत बसल्या दोघी, आणि आजी जेवली.

ही युक्ती सगळ्यांनी शिकून घ्या. नवरा मरून दहा वर्षं झालेली बाई "ह्ये कुठं गेल्यात?" विचारते, तिला "मेल्यात की" म्हणून रोज विधवा करू नका. "त्यांचं कायतरी सांगा की," म्हणा. तिला सोनं चोरल्याचा संशय आला तर भांडू नका, तिच्याबरोबर हुडकायला लागा. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, तुमचा तो एक प्रश्न आधी बंद करा. "मला वळखलं का?" परीक्षाच की ती! तो नापास होणार हे तुम्हाला माहीत असतं, तरी विचारता. आपण आधी आपलं नाव सांगावं, कुणाचा कोण ते सांगावं, मग बसावं. आपल्या वारकऱ्यांत तर फार सोपं आहे. आपण सगळ्यांनाच माउली म्हणतो. लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी, सगळे माउली, आणि सगळे एकमेकांच्या पायाला हात लावतात. ज्याची सगळी नावं पुसून गेलीत त्यालाही दिंडीत कुणाची चोरी होत नाही. तो माउली म्हणाला की झालं.

पैशाचा हिशेब देवळातल्या फळ्यावर लिहिलाय, बघून घ्या. खर्च कशावर झाला तेवढं सांगतो. रक्ताच्या तपासण्या. सोलापूरला सिव्हिलमध्ये न्यायला गाडीचं भाडं. मोठ्या माणसांची डायपरं, कारण ती दुकानात मागायला घरच्यांना लाज वाटते आणि महिन्याला परवडतही नाहीत. आणि मजुरी. ह्या शेवटच्यावर काहींनी नाक मुरडलं, म्हणून त्याचा खुलासा करतो.

गोव्यात डॉ. अमित डायस आणि संगाथ संस्थेच्या लोकांनी एक काम केलं, ते २००८ साली छापून आलं. दोन तालुक्यांतली ८१ घरं घेतली, घरात असा रुग्ण असलेली. मोठे डॉक्टर रोज घरी जाऊ शकत नाहीत. म्हणून बारावीपर्यंत शिकलेली, तिथलीच भाषा बोलणारी माणसं शिकवून तयार केली आणि त्यांना घरी पाठवलं. ती माणसं काय करायची? आजार समजावून सांगायची, रुग्णाला कसं वागवायचं ते सांगायची, सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करायची, आणि सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायची. सहा महिन्यांनी बघितलं तर सांभाळणाऱ्यांच्या मनाची तब्येत सुधारली होती. त्यात यंत्र नाही, महाग गोळी नाही. आपल्याकडं बारावी झालेल्या पोरी-सुना घरोघर आहेत, काम नाही म्हणून बसल्यात. तसल्या दोघी आम्ही धरल्या, डॉक्टरांकडून शिकवून घेतल्या. त्या आठवड्यातून दोनदा अशा घरी चार-चार तास बसतात. तेवढ्यात घरची सून रानात जाते, दळण आणते, नाहीतर नुसती झोपते. रात्र-रात्र जागलेल्या बाईला चार तास झोप मिळणं म्हणजे काय, ते तिलाच विचारा. त्या दोघींना मजुरी द्यायची नाही तर कुणाला द्यायची? सेवा म्हणा म्हणून बायांकडून फुकट काम करून घ्यायची आपली जुनी खोड आहे.

आणि सगळं झोळीवर भागणार नाही. सरकारकडं मागावं लागेल. ग्रामसभेत आम्ही अर्ज ठेवलाय. सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस म्हाताऱ्यांच्या विसराची तपासणी व्हावी, आशाताईंना हे शिकवावं, बी-१२ची इंजेक्शनं दवाखान्यात असावीत. पुढच्या ग्रामसभेला तो निघेल. तवा पंधराच माणसं बसलेली दिसली तर सरपंचांना दोष देऊ नका. फोनवर विचारायचं असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, आणि मन खचलं, सांभाळणाऱ्याचंही खचतं, तर १४४१६. हे दोन्ही नंबर पुस्तकाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात छापायला सांगितलेत.

दिंडीपुरतं काय ठरलंय ते सांगून आम्ही खाली बसतो. मागं एका मुक्कामात एक बाबा रात्री उठून चालू लागले, पहाटे उसाच्या फडाजवळ सापडले. घाम फुटला होता सगळ्यांना. तेव्हा काहींचं म्हणणं पडलं की असल्या माणसांना दिंडीत घेऊच नये. विणेकऱ्यांनी ते मोडून काढलं. आता नेम असा आहे. विसरणारा माणूस टाळकऱ्यांच्या ओळीत मधोमध चालेल, पुढं एक मागं एक ओळखीचा. शेवटाला किंवा कडेला नाही. मुक्कामाला तो तंबूच्या आतल्या अंगाला झोपेल, दोन बाजूंना दोघं, पाळीनं. त्याच्याबरोबर घरचं एक माणूस फुकट येईल, त्याची भिशी माफ. चंद्रभागेला स्नानाला एकट्यानं जायचं नाही. गर्दीत दर्शनबारीला उभं करायचं नाही, शिखराचं दर्शन त्याला पुरे. ज्याला आता चालवत नाही त्याच्या दारावरून दिंडी निघताना क्षणभर थांबेल आणि वीणा त्याच्या हातात दिली जाईल.

आणि मनगटाला पट्टी. कापडाची, भगवी, वर गावाचं नाव, दिंडीचं नाव आणि घरचा फोन. विसरणाऱ्यालाच तेवढी बांधली तर तो चारचौघांत वेगळा दिसतो, म्हणून सगळ्या दिंडीला बांधायची ठरलीय, आम्हालाही. कापड आलंय, दोन मशिनी देवळात मांडल्यात. ज्यांना शिवता येतं त्या माउल्यांनी उद्यापासून हरिपाठ झाल्यावर यावं. दोरा संपलाय, येताना घेऊन या.